सर्व्हर न घेता पाच कॉम्प्युटर जोडायचे असतील तर

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला शरणपूर रोडवर वडील आणि मुलगी मिळून करसल्लागाराचं ऑफिस चालवतात. पाच कॉम्प्युटर, एक प्रिंटर, टॅली आणि पार्ट्यांच्या कागदपत्रांचे स्कॅन. फायली पेनड्राइव्हवरून नाहीतर व्हॉट्सॲपवरून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातात. ऑफिसच्या वरच घर आहे. एका विक्रेत्याने सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या फायली सांभाळणारा वेगळा मुख्य कॉम्प्युटर, घ्यायला सांगितलंय. तो खरंच लागतो का, की आहेत तेच कॉम्प्युटर एकमेकांना जोडून भागेल? आणि तसं केलं तर त्रास कुठे होतो?

सर्व्हर लागत नाही. पाच कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एका छताखाली बसणारी माणसं, एवढ्याला पीअर-टू-पीअर नेटवर्क व्यवस्थित पुरतं. मी गेली वीस-बावीस वर्षं नाशिकमध्ये हेच काम करतोय. सातपूर-अंबडची वर्कशॉप, कॉलेज रोडवरचे दवाखाने, पिंपळगाव बसवंतची द्राक्षांची पॅकहाउसं, पंचवटीतल्या जुन्या वाड्यांमधली दुकानं. यातल्या बऱ्याच जणांकडे आजही सर्व्हर नाही आणि काम चालू आहे. जिथे अडलं तिथे बहुतेक वेळा कारण एकच निघालं: कोणती फाइल कुणाच्या मशीनवर राहणार हे कुणी ठरवलंच नव्हतं.

पीअर म्हणजे बरोबरीचा. या पद्धतीत प्रत्येक मशीन देणारंही असतं आणि घेणारंही. तुमच्या मशीनवरचं फोल्डर मी उघडतो, माझ्याकडचं तुम्ही उघडता, मध्ये कुणी मुख्य नाही. पद्धत जुनी आहे. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स’ काढलं ते अशाच लहान ऑफिसांसाठी, आणि वर्कग्रुप हा शब्द विंडोजमध्ये तेव्हापासून आजतागायत आहे. फुकट सिनेमे उतरवायच्या टॉरेंटमुळे पीअर-टू-पीअर हा शब्द काही लोकांच्या कानाला चोरटा लागतो. तत्त्व तेच असलं तरी तुमच्या ऑफिसातल्या पाच मशीनचा त्या गोष्टीशी संबंध नाही.

मर्यादाही सांगून ठेवतो. साध्या विंडोज १० किंवा ११ च्या मशीनवरचं फोल्डर किंवा प्रिंटर एका वेळी जास्तीत जास्त २० दुसऱ्या उपकरणांना वापरता येतं. विंडोज एक्सपीच्या काळात ही मर्यादा प्रोफेशनलला १० आणि होम आवृत्तीला ५ होती. तुम्ही पाच आहात, त्यामुळे आकड्याची भिंत तुमच्यापासून लांब आहे. पण माझ्या अनुभवात माणसांच्या बाजूने ही पद्धत त्याच्या बरीच आधी, आठ-दहा मशीनपाशी थकते. त्याबद्दल पुढे.

आधी फाइलच्या घराबद्दल, कारण बाकी सगळं यावर उभं आहे. काही वर्षांपूर्वी ऐन हंगामात, फेब्रुवारीच्या शेवटी, एका पॅकहाउसमधून रात्री फोन आला. नेटवर्क होतं, उत्तम चालत होतं. सहा मशीन, सगळ्यांवर सगळी फोल्डरं शेअर केलेली. पॅकिंग लिस्टची एक्सेल फाइल चार मशीनवर चार रूपांत होती: फायनल, फायनल टू, फायनल न्यू आणि एक नुसतीच ‘आज’. कंटेनर भरून निघायच्या बेतात होता आणि पेट्यांचा आकडा कुठल्या फाइलमधला खरा हे कुणालाच सांगता येईना. शेवटी चार पोरांनी बॅटरीच्या उजेडात पेट्या पुन्हा मोजल्या. त्या रात्री तिथे दहा लाखांचा सर्व्हर असता तरी हेच झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी तिथे एकही वायर बदलली नाही. एका मशीनवर एक फोल्डर केलं, बाकीच्या मशीनवरची शेअरिंग बंद केली आणि सगळ्यांच्या डेस्कटॉपवर त्याच फोल्डरचा शॉर्टकट टाकला.

तुम्हीही तेच करा. बरोबरीचं नेटवर्क म्हणजे पाचही मशीनवर सगळं उघडं ठेवायचं, असा त्याचा अर्थ नाही. पार्ट्यांची कागदपत्रं, टॅलीचा डेटा, स्कॅन, प्रत्येकाला एकच घर द्या आणि त्या घराची जबाबदारी एका माणसाकडे द्या. त्यातला एक फायदा लगेच कळतो. शेअर केलेल्या फोल्डरमधली एक्सेल फाइल एकाने उघडली की दुसऱ्याला ‘फाइल वापरात आहे, फक्त वाचता येईल’ असं दिसतं. लोकांना ही कटकट वाटते, पण हीच तुमची राखण आहे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फाइलला असं कुणी अडवत नाही.

घर कोणतं मशीन? वडिलांचा लॅपटॉप नको. तो संध्याकाळी वर जातो, सुनावणीला आयकर कार्यालयात जातो, आणि तो गेला की सगळ्यांचं काम थांबतं. एक बऱ्यापैकी डेस्कटॉप निवडा, त्यात एसएसडी (वेगवान डिस्क) असावी, मशीन यूपीएसवर असावं. पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन स्लीप पूर्ण बंद करा. दुपारी जेवून आलं की शेअर दिसत नाही अशी तक्रार घेऊन मला बोलावणाऱ्यांपैकी निम्म्यांचं मशीन फक्त झोपलेलं असतं. त्या मशीनवर बसणारी व्यक्ती शक्यतो सांभाळून काम करणारी असावी. अनोळखी ईमेलमधल्या फायली तिथे उघडू नयेत, आणि इंटरनेटवरून मिळेल ते सॉफ्टवेअर टाकून बघायची हौस असलेल्याला ते देऊ नये.

आता वायरिंग. वायफायवर सगळं भागवायचा मोह होईल, कारण राउटर आधीच आहे. मोबाइल आणि लॅपटॉपसाठी वायफाय ठीक आहे. टॅली चालवणारी मशीन मात्र केबलवरच ठेवा. सामायिक डेटा फाइलवर लिहिणं चालू असताना जोडणी क्षणभर जरी तुटली तरी फाइल खराब होऊ शकते, मग सॉफ्टवेअर कुठलंही असो. वायफाय दिवसातून किती वेळा क्षणभर तुटतं ते आपल्याला कळतही नाही, कारण यूट्यूबला त्याने फरक पडत नाही. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत मी हे फार पाहिलंय. दगडाच्या दोन-दोन फुटी भिंती, त्यापलीकडे ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जवळपास पोचतच नाही, आणि २.४ गिगाहर्ट्झवर शेजारपाजारच्या वीस राउटरची गर्दी. तुमची इमारत नवी आरसीसी असेल, पण स्लॅब ओलांडून वरच्या मजल्यावर जातानाही सिग्नल बराच मार खातो.

त्यासाठी लागतं ते असं: एक आठ पोर्टचा गिगाबिट स्विच (सगळ्या केबल एकत्र जोडणारी पेटी), साधा अनमॅनेज्ड चालेल, आणि कॅट ६ केबल. केबल घेताना एवढंच बघा की ती शुद्ध तांब्याची आहे. बाजारात ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्तात मिळते. नवी असताना चालते, वर्ष-दोन वर्षांत वाकवलेल्या जागी तार तुटते, जॅकची पकड (क्रिम्प) सैल होते, आणि दोष शोधताना जीव जातो. चाकूने टोक खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर परत करा. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चारच पुरतात. म्हणून उरलेल्या चारांपैकी एखादी तार तुटली तरी नेटवर्क बंद पडत नाही, चुपचाप १०० वर उतरतं, आणि लोक ‘टॅली हळू चालतंय’ म्हणून कॉम्प्युटर बदलतात. मोठी फाइल कॉपी करताना वेग सेकंदाला ११ मेगाबाइटच्या आसपास अडकला तर समजा की जोडणी १०० ची आहे. गिगाबिटवर चांगली डिस्क असेल तर तो शंभराच्या पुढे जातो. जॅक लावणाऱ्याला दोन्ही टोकांना एकच रंगक्रम लावायला सांगा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. केबल १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे तुमच्या ऑफिसात अंतराचा प्रश्नच नाही. एक मात्र सांभाळा. झाडलोट करताना सुटलेलं केबलचं टोक कुणीतरी भल्या मनाने स्विचच्या रिकाम्या पोर्टमध्ये खोचतं, आणि दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये गेली की सगळं नेटवर्क एका झटक्यात ठप्प होतं. साध्या स्विचला हे वेटोळं ओळखता येत नाही. ‘काहीच बदललं नाही, अचानक बंद पडलं’ असं कुणी म्हणालं की मी पहिल्यांदा स्विचकडे जातो.

ज्या दोषासाठी मला सगळ्यात जास्त बोलावतात तो वेगळाच आहे, आणि तुमच्याकडे तो असण्याची शक्यता दाट आहे. इंटरनेट देणाऱ्या कंपनीने फायबरची पेटी बसवलेली असते, तीच राउटरचंही काम करते. मग रेंज कमी पडते म्हणून आपण दुकानातून दुसरा राउटर आणतो आणि पहिल्याची केबल त्याच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेटसाठीच्या) पोर्टमध्ये लावतो. इंटरनेट दोन्हीकडे चालतं, सगळे खूश. पण आता एका ऐवजी दोन नेटवर्कं झाली. पहिला राउटर मशीनना जे आकडी पत्ते देतो ते १९२.१६८.१ ने सुरू होतात, दुसऱ्याचे १९२.१६८.० ने. वरच्या खोलीतला लॅपटॉप आणि खालचा डेस्कटॉप एकाच घरात असून एकमेकांना दिसत नाहीत. लोक तासन् तास विंडोजची सेटिंगं उलटीपालटी करत बसतात. दोष विंडोजमध्ये नसतोच. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता फक्त वायफाय देईल. तसा पर्याय नसेल तर त्याला पहिल्याच्या ओळीतला पण वेगळा पत्ता द्या, त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करा आणि केबल वॅनमधून काढून लॅन (ऑफिसातल्या मशीनसाठीच्या) पोर्टमध्ये लावा. पत्ते वाटणारा माणूस घरात एकच हवा.

पत्त्यांबद्दल आणखी दोन खुणा लक्षात ठेवा. एखाद्या मशीनचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला तर त्याला पत्ता मिळालेलाच नाही, त्याने स्वतःच एक घेतलाय; केबल किंवा राउटर तपासा. आणि प्रिंटर व डेटाचं मशीन यांचे पत्ते कायमचे करा, पण मशीनमध्ये हाताने टाकू नका. राउटरमध्ये ॲड्रेस रिझर्व्हेशन असतं, तिथे करा. हाताने टाकलेला पत्ता राउटर उद्या कुणाच्या तरी मोबाइललाही देतो, आणि मग पाहुणे आले की प्रिंटर बंद पडतो. हे गंगापूर रोडच्या एका दवाखान्यात खरोखर घडत होतं. कारण सापडायला मला तीन फेऱ्या लागल्या.

मशीन एकमेकांना दिसत नाहीत याचं विंडोजमधलं पहिलं कारण म्हणजे नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदलेलं असतं. पाचही मशीनवर ते ‘प्रायव्हेट’ करा, नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल-प्रिंटर शेअरिंग चालू करा. वर्कग्रुपचं नाव सगळीकडे सारखं असावं असं जुने लोक सांगतात. आजच्या विंडोजला त्याने फारसा फरक पडत नाही. ‘नेटवर्क’च्या चित्रात मशीन दिसलं नाही म्हणूनही थांबू नका. फाइल एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा (\\) देऊन मशीनचं नाव किंवा पत्ता टाका. बऱ्याचदा चित्रात न दिसणारं मशीन असं सरळ उघडतं. २००९ साली विंडोज ७ बरोबर आलेलं होमग्रुप काही जण अजून शोधतात. ते २०१८ मध्ये विंडोज १० मधून काढून टाकलं गेलं.

पासवर्डपाशी मात्र सगळे अडतात. इथे माझं ठाम मत आहे: ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करू नका. यूट्यूबवरचे निम्मे व्हिडिओ तेच सांगतात, कारण त्याने काम लगेच होतं. तुमच्याकडे लोकांची पॅन कार्डं, आधारच्या प्रती, बँकेची स्टेटमेंटं आहेत. ती ऑफिसच्या वायफायवर येणाऱ्या कुठल्याही मोबाइलला उघडी ठेवायची का, याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे. शिवाय विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून बिनपासवर्डाचं गेस्ट लॉगिन मुळातच बंद ठेवलेलं आहे, त्यामुळे ती युक्ती नव्या मशीनवर चालतही नाही.

गोंधळ होतो तो पिनमुळे. रोज मशीन चार आकडी पिनने उघडतं, म्हणून दुसऱ्या मशीनने पासवर्ड विचारला की लोक तोच पिन टाकतात. पिन त्या एका मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून चालत नाही. सोपा मार्ग असा: डेटाच्या मशीनवर प्रत्येक माणसासाठी एक साधं लोकल खातं उघडा, त्याला पासवर्ड द्या. त्या खात्याने त्या मशीनवर कुणी कधी बसायचं नाही, ते फक्त नेटवर्कवरून यायचं दार आहे. त्या-त्या माणसाच्या मशीनवर पहिल्यांदा हे नाव आणि पासवर्ड टाकून ‘लक्षात ठेव’वर टिक केली की परत विचारत नाही. एकच सामायिक खातं केलं तर आज कष्ट कमी पडतात, पण एखादा मदतनीस सोडून गेला की सगळ्यांचा पासवर्ड बदलावा लागतो, आणि तो कुणी बदलत नाही. वेगळी खाती असतील तर त्याचं एक खातं बंद केलं की झालं.

शेअर करताना अख्खा सी किंवा डी ड्राइव्ह कधीच शेअर करू नका. डीवर ‘ऑफिस’ नावाचं एक फोल्डर, आत वर्षवार आणि पार्टीवार रचना, आणि तेवढंच शेअर. परवानग्या दोन ठिकाणी असतात, शेअरिंगच्या टॅबमध्ये आणि सिक्युरिटीच्या टॅबमध्ये, आणि नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींपैकी जी कडक असेल ती लागू होते. एकीकडे सगळं दिलं तरी ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं ते यामुळेच. जुन्या वर्षांची विवरणपत्रं सगळ्यांना फक्त वाचायला ठेवा. २०१९-२० च्या फोल्डरमध्ये आज कुणी काही लिहायचं कारण नाही.

टॅलीबद्दल थोडक्यात. सिल्व्हर परवाना एका मशीनपुरता आहे; एकाच लॅनवर अनेकांनी एकाच वेळी काम करायचं तर गोल्ड लागतो. विक्रेता सर्व्हरचे पैसे मागत असेल तर त्यातला काही भाग इकडे खर्च करणं जास्त उपयोगाचं. टॅलीचं फोल्डर त्या डेटाच्या मशीनवर ठेवा आणि बाकीच्यांना तिथूनच उघडायला द्या.

प्रिंटर कुणाच्या तरी मशीनला यूएसबीने जोडून पुढे शेअर करू नका. २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट यंत्रणेतली मोठी फट उघडकीला आली, तिला प्रिंटनाइटमेअर म्हणतात. ती बुजवणाऱ्या अपडेटांनंतर शेअर केलेले कितीतरी प्रिंटर ११बी ने संपणारा एरर देऊ लागले. विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या यादीत, म्हणजे रजिस्ट्रीत, एक आकडा शून्य करून तो एरर जातो खरा, पण त्याबरोबर लावलेलं कुलूपही निघतं. नेटवर्कचा पोर्ट असलेला प्रिंटर सरळ स्विचला जोडला की हा प्रश्न उरत नाही, आणि कुणाचं मशीन चालू असण्याची वाटही बघावी लागत नाही.

कुलपं काढण्याचा विषय निघाला म्हणून सातपूर-अंबडकडचा एक अनुभव लिहितो, कारण तुमचा स्कॅनर जुना असेल तर तोच प्रसंग तुमच्यावरही येऊ शकतो. तिथल्या बऱ्याच सीएनसी मशीनशेजारचा (कॉम्प्युटरच्या हुकमावर धातू कापणाऱ्या मशीनशेजारचा) कॉम्प्युटर अजून एक्सपीवर आहे. मशीन चांगलं चालतंय, मग ते का बदलायचं? पण एक्सपीला फाइल शेअरिंगची एसएमबी१ ही जुनी भाषाच येते, आणि नव्या विंडोजमध्ये ती २०१७ च्या शेवटापासून मुळात बसवलेलीच नसते. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर जगभर पसरलं ते याच एसएमबी१ मधल्या भोकातून. मायक्रोसॉफ्टने त्याचं ठिगळ मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते लावलं नव्हतं तिथे ते एका मशीनवरून दुसऱ्यावर, कुणी काहीही न उघडता, जात राहिलं. बरोबरीच्या नेटवर्कमध्ये सगळ्यांची दारं एकमेकांकडे उघडतात, म्हणून सगळ्यात कच्चं मशीन ठरवतं की बाकीची किती सुरक्षित. ऑफिसातल्या सगळ्या मशीनवर एसएमबी१ चालू करून एक्सपीला सामावून घेणारे मी पाहिलेत. तसं न करता मी मधे एक वेगळं मशीन ठेवतो. सीएनसीचे प्रोग्राम तिथे येतात, तिथून पुढे जातात, आणि त्या जुन्या कॉम्प्युटरला ऑफिसचं नेटवर्क आणि इंटरनेट दोन्ही मिळत नाही. तुमचा स्कॅनर एसएमबी१ शिवाय फोल्डरमध्ये फाइल टाकत नसेल तर त्याच्याकडून ईमेलने किंवा यूएसबीवर घ्या, पण पाच मशीनची कुलपं काढू नका. आणि पाचांपैकी एखादं अजून विंडोज १० वर असेल तर त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेही धरून चाला.

वरच्या घराचं काय? घरातले मोबाइल, टीव्ही, मुलांचे गेम हे ऑफिसच्या नेटवर्कवर नकोत. राउटरमध्ये गेस्ट वायफाय असतं, घर त्यावर टाका. गेस्टवरच्या उपकरणांना इंटरनेट मिळतं, ऑफिसची मशीन दिसत नाहीत. वडिलांना रात्री वर बसून काम करायचं असेल तर त्यांच्या लॅपटॉपसाठी खालून एक केबल वर न्या. मोबाइलवरचे फोटो किंवा पार्टीने पाठवलेले कागद कॉम्प्युटरवर घ्यायला लोकलसेंड हे मोफत ॲप चांगलं आहे. अँड्रॉइड, आयफोन, विंडोज सगळ्यांवर चालतं, फाइल घरातल्या वायफायवरूनच जाते, इंटरनेट लागत नाही. मात्र पाठवणारा आणि घेणारा एकाच नेटवर्कवर हवेत.

लॅपटॉप बाहेर नेऊन कागदपत्रं सोबत हवी असतील तर सिंकथिंग हे दोन मशीनवरच्या फायली सारख्या ठेवणारं सॉफ्टवेअर बघा. ते खरं पीअर-टू-पीअर आहे: फाइल तुमच्या एका मशीनवरून थेट दुसऱ्यावर जाते, मधे कुणाच्या क्लाउडवर साठत नाही, आणि दोन्ही मशीननी एकमेकांना मान्यता दिल्याशिवाय जोडणी होत नाही. स्कॅन, पीडीएफ, नोटिसा यांच्यासाठी उत्तम. पण टॅलीचा चालू डेटा त्यात कधीही टाकू नका. दोन ठिकाणी एकाच वेळी बदल झाला तर सिंकथिंग दोन प्रती ठेवतं आणि एकीच्या नावात ‘सिंक कॉन्फ्लिक्ट’ लिहितं. पत्राच्या बाबतीत हे निस्तरता येतं, हिशेबाच्या डेटाचं काय करणार? आणि सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं.

बाहेरून ऑफिसचं फोल्डर उघडायचंच असेल तर राउटरमध्ये पोर्ट ४४५ बाहेरच्या जगाला उघडून देणारा कुणी भेटला तर त्याला थांबवा. ते म्हणजे शेअर इंटरनेटवर मांडून ठेवणं. एरवीही बऱ्याच कंपन्यांच्या जोडणीत तुम्हाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल तर पोर्ट उघडूनही काही होणार नाही. टेलस्केलसारखं, वायरगार्ड या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीवर चालणारं सॉफ्टवेअर दोन्ही मशीनवर टाकलं की त्यांच्यात बंद नळी तयार होते, राउटरला हातही लावावा लागत नाही.

इंटरनेट आणि आपलं नेटवर्क या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेही सगळ्यांना सांगून ठेवा. रस्ता खोदताना फायबर तुटली तरी स्विच आणि राउटर चालू असेपर्यंत टॅली, फोल्डर, प्रिंट सगळं चालतं. ‘नेट गेलं’ म्हणून पाच माणसं हात बांधून बसलेली मी पाहिली आहेत. म्हणून स्विच आणि राउटरलाही यूपीएस द्या; ते फार थोडी वीज घेतात. पुढेमागे शेजारच्या इमारतीत जागा घेतलीत तर दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकू नका. अंबडला दोन शेडमध्ये वरून ओढलेल्या केबलीने एका जूनमधल्या विजेत स्विचचे सहा पोर्ट आणि दोन मदरबोर्ड जाळले होते. तिथे फायबर आणि तिला दोन्ही टोकांना साध्या केबलशी जोडणारे दोन मीडिया कन्व्हर्टर लावले, त्यानंतरचे पावसाळे शांत गेले.

राहिला बॅकअप, आणि यात मी कुणालाही सूट देत नाही. फाइलला एकच घर दिलं की ते घर जळलं तर सगळं जातं. खंडणीखोर व्हायरस एका मशीनवर शिरला की त्या मशीनला लिहायची परवानगी असलेली सगळी शेअर्ड फोल्डरं तो कुलूपबंद करतो. म्हणून सतत जोडून ठेवलेली डिस्क हा बॅकअप धरू नका. दोन बाहेरच्या डिस्क घ्या. रोज संध्याकाळी एक जोडायची, कॉपी झाली की काढायची, आठवड्याने अदलाबदल. दुसरी डिस्क वर घरात ठेवू नका, इमारत तीच आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी नाशिकमध्ये पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या वर गेलं आणि सराफ बाजारात शिरलं, तेव्हा तिथल्या एका दुकानदाराचा कॉम्प्युटर आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलाच्या खणात, एकाच पाण्यात होती. त्याची तीन वर्षांची खाती मी वाचवू शकलो नाही. शरणपूर रोडला पूर येत नाही, पण आग आणि चोरी कुठेही होते. इंदिरानगर, नाशिक रोड, कुठेही जवळच्या नातेवाइकाकडे ती डिस्क ठेवा. आत लोकांची कागदपत्रं आहेत म्हणून तिला पासवर्डचं एन्क्रिप्शन हवं. आणि तीन महिन्यांतून एकदा त्या डिस्कवरून एक जुनी फाइल खरोखर उघडून बघा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर मी विसंबत नाही.

सर्व्हर कधी घ्यायचा? मशीन आठ-दहाच्या वर गेली, दर काही महिन्यांनी माणसं बदलू लागली, किंवा कुणी कुठली फाइल उघडली याची नोंद ठेवायची गरज पडली, की इतक्या मशीनवर पासवर्ड सांभाळणं झेपत नाही. त्याच्या आधीची पायरी म्हणून दोन डिस्कचा नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेली फायली साठवायची पेटी, चांगला. तो झोपत नाही, त्यावर कुणी गेम टाकत नाही, वीज कमी खातो. त्यातल्या दोन डिस्क एकमेकींच्या प्रती असतात म्हणून बॅकअप लागत नाही असं विक्रेता म्हणाला तर ऐकू नका. एक डिस्क बिघडली तर ती रचना वाचवते. पुसलेली किंवा कुलूपबंद झालेली फाइल दोन्हींवर तशीच असते.

एखाद्या रविवारी ऑफिस बंद असताना कामाला लागा. आधी दुसरा राउटर आहे का ते बघा आणि असल्यास त्याला ॲक्सेस पॉइंट करा, मग केबल आणि स्विच, मग डेटाचं मशीन आणि खाती, शेवटी टॅली. पेनड्राइव्हवर विखुरलेल्या फायली गोळा करायला वायरिंगपेक्षा जास्त वेळ लागेल, त्यासाठी एक अख्खा दिवस वेगळा धरा. तो दिवस वडिलांनी सोबत बसायला हवं, कारण चार प्रतींपैकी खरी कोणती हे त्यांनाच माहीत असणार. सगळं झालं की कोणती वायर कुठल्या पोर्टमध्ये, प्रिंटरचा पत्ता काय, डेटा कुठल्या मशीनवर आणि राउटरचं लॉगिन कुणाकडे आहे हे एका कागदावर लिहा. राउटरचा पासवर्ड मात्र त्यावर नको. तो कागद स्विचशेजारी कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. माझ्यासारखा माणूस तुमच्याकडे आला की तो आधी तोच कागद शोधेल.